सावलीतला लाल: तांबड्या पानांचा ह्यूकेरा कसा निवडावा

सावलीच्या बागेत लाल रंग आणणं अवघड असतं. फुलांमधून आणायचा तर लाल फुलांच्या बहुतेक झाडांना ऊन हवं, आणि जी सावलीत फुलतात ती दोन-तीन आठवड्यांत आटोपतात. मग पानांकडे वळावं लागतं, आणि पानांकडे वळलं की फार वेळ न लागता आपण ह्यूकेरापाशी येऊन पोचतो. रोपवाटिकेत याला कोरल बेल्स असंही म्हणतात. वीत-दीड वीत उंचीचा पानांचा गोल झुबका, सौम्य हिवाळ्यात बारा महिने टिकणारा, आणि लालभडक, डाळिंबी, विटकरी, तांबूस, काळपट जांभळा अशा कितीतरी छटांत मिळणारा.

वसंतात ज्या लाल रंगाला भुलून आपण रोप उचलतो, तो रंग भर उन्हाळ्यात बहुतेकदा राहत नाही. माझ्या पहिल्या तीन रोपांचं असंच झालं. आणली तेव्हा निखाऱ्यासारखी होती, तीन महिन्यांत मातकट तपकिरी झाली आणि त्यातलं एक पावसाळी ओलीने कुजून गेलं. रोपांत काही खोट नव्हती, मी निवडीचा क्रम चुकवला होता. आता मी आधी जागेची सावली बघतो, मग रोपाचा वंश, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी वळतो. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

झाडाची थोडी ओळख

ह्यूकेरा मूळचा उत्तर अमेरिकेतला. १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतितज्ज्ञाने या प्रजातीला योहान हाइनरिश फॉन हॉयखर या जर्मन वैद्याचं आणि वनस्पतितज्ज्ञाचं नाव दिलं. कोरल बेल्स हे नाव मात्र एका विशिष्ट जातीच्या फुलांवरून आलं. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोतल्या डोंगरांत ह्यूकेरा सँग्विनिया वाढतो, आणि त्याच्या तारेसारख्या बारीक दांड्यांवर पोवळ्याच्या रंगाच्या इवल्या घंटा लोंबतात. या प्रजातीला तिकडे 'अलमरूट' असंही नाव आहे, म्हणजे तुरटीचं मूळ. मुळांत टॅनिन इतकं असतं की चव घेतली तर तोंड तुरटीसारखं आवळतं. तिथले मूळ रहिवासी या मुळाचा औषधात वापर करत आले आहेत.

यातल्या बऱ्याच जाती खडकांच्या कपारीत आणि उतारावरच्या रानात वाढतात. तिथे मुळांना गारवा आणि पालापाचोळ्याची सुपीक माती मिळते, पण पाणी कधी साचून राहत नाही. ही कपार डोळ्यांसमोर ठेवलीत तर लागवडीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

रंगीत पानांचा जमाना तसा अलीकडचा. पूर्वी ह्यूकेरा लावत ते फुलांसाठी. लंडनच्या क्यू उद्यानातून बाहेर पडलेल्या 'पॅलेस पर्पल' या जांभळट पानांच्या वाणाने चित्र बदललं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने त्याला त्या वर्षीचं सर्वोत्तम बहुवर्षायू रोप म्हणून निवडलं. पुढे डॅन हाइम्स यांच्या ओरेगनमधल्या टेरा नोव्हा नर्सरीसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या जातींचे संकर झाले, आणि आज शेकडो वाण बाजारात आहेत. निवडीचा गोंधळ होतो तो या भाऊगर्दीमुळेच.

पहिली पायरी: सावली मोजा

'माझ्याकडे सावली आहे' एवढ्याने काही कळत नाही. सकाळी दोन तास कोवळं ऊन आणि नंतर सावली, झाडाखाली दिवसभर हलणारे कवडसे, भिंतीआडची पण वर मोकळं आकाश असलेली जागा, आणि दाट सदाहरित झाडाखालचा काळोख, या चार जागांत एकच लाल रोप चार वेगवेगळ्या रंगांचं दिसेल.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला त्या जागेचा फोटो काढा. सगळे फोटो एकापुढे एक पाहिले की थेट ऊन किती तास आणि कोणत्या वेळी येतं ते स्पष्ट दिसतं. हे काम दोनदा करावं लागतं. वसंतात झाडांना पानं येण्याआधीची सावली वेगळी असते, आणि भर उन्हाळ्यात पानोळा दाटल्यावरची वेगळी. शिवाय सूर्याचा मार्गही सरकलेला असतो.

फोटोंचा खटाटोप नको असेल तर दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर उजेड भरपूर आहे. सावली दिसते पण कड पुसट आहे, तर मध्यम उजेड आहे, आणि ह्यूकेरा तिथे खुशाल वाढेल. सावली जेमतेम जाणवत असेल तर तिथे रोप जगेल, पण लाल राहण्याची आशा धरू नका.

लाल पानांसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे सकाळचं दोन ते चार तासांचं ऊन आणि दुपारनंतर सावली. त्याखालोखाल उंच झाडाखालचे कवडसे. दुपारचं तळपतं ऊन टाळायचं, कारण त्याने पानांच्या कडा करपतात, त्यातही माती कोरडी असेल तर फारच.

जागा पाहताना मातीतही हात घालून बघा. मोठ्या झाडाखाली खुरपं चार बोटंही आत जात नसेल, नुसत्या मुळांचं जाळंच लागत असेल, तर ती कोरडी सावली. तिथे अडचण उजेडापेक्षा पाण्याची जास्त असते. उलट पाऊस थांबून एक दिवस उलटला तरी माती पिळल्यासारखी ओली लागत असेल तर ती जागा ह्यूकेरासाठी सोडून द्या, किंवा वाफा उंच करायची तयारी ठेवा.

लाल येतो कुठून आणि जातो कुठे

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढची निवड यावरच ठरते. पानातला लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य लाल पानातही असतंच, नाहीतर झाड जगणार कसं. अँथोसायनिन त्यावर पडद्यासारखं बसतं. झाड हे द्रव्य उजेड मिळाला की जास्त बनवतं, आणि हवा थंड असली की ते टिकतंही जास्त. उकाडा वाढला, त्यातही रात्री गरम राहू लागल्या, की नवं द्रव्य कमी बनतं आणि असलेलं विरत जातं. उजेड कमी पडला तरी तेच होतं, मग खालचा हिरवा वर येतो. लाल आणि हिरवा मिसळला की डोळ्याला दिसतो तो तपकिरी.

म्हणून ह्यूकेराच्या लाल पानांचं एक वार्षिक चक्र असतं. वसंतात नवी पानं सगळ्यात भडक. उन्हाळ्यात रंग उतरतो, गडद होतो किंवा तपकिरीकडे झुकतो. शरद ऋतूत हवा गार झाली की लाली परत चढते, आणि काही वाणांत ती वसंतापेक्षाही गहिरी असते. हे चक्र माहीत असलं की उन्हाळ्यात मळकट झालेलं रोप पाहून जीव खाली-वर होत नाही. खत घालून हा रंग परत येत नाही. नत्र जास्त दिलंत तर पानं मऊ आणि फोफसी होतात, तेवढंच.

आणखी एक गोष्ट. गडद पान सावलीत हरवतं. काळपट जांभळा ह्यूकेरा फोटोत राजेशाही दिसतो, पण दाट सावलीत दहा फुटांवरून पाहिला तर जमिनीत भोक पडल्यासारखा भासतो. सावली जितकी गडद, तितका पानाचा लाल उजळ हवा, किंवा पानावर चंदेरी झाक तरी हवी.

दुसरी पायरी: वंश ओळखा

बाजारातले जवळपास सगळे वाण संकरित आहेत, तरी कोणत्या जातीचं रक्त जास्त आहे हे रोपाकडे पाहून बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि रोप किती वर्षं टिकणार हे रंगापेक्षा त्यावर जास्त ठरतं.

ह्यूकेरा व्हिलोसा अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ रानांतला. व्हिलोसा म्हणजे केसाळ, आणि याच्या पानांवर, देठांवर हात फिरवला की मऊ लव लागते. पानं मोठी, टोकदार खंडांची, मेपलच्या पानाची आठवण करून देणारी. फुलं पांढुरकी, उन्हाळा सरता सरता येणारी. उष्ण आणि दमट उन्हाळा सोसण्यात याच्या तोडीचं दुसरं कुणी नाही. डेलावेअरमधल्या माउंट क्युबा सेंटरने बरेच ह्यूकेरा शेजारी शेजारी लावून काही वर्षं त्यांची चाचणी घेतली, तिथेही व्हिलोसाच्या वंशाचे वाण उठून दिसले. 'पॅलेस पर्पल' आधी ह्यूकेरा मायक्रँथा या दुसऱ्या जातीचा म्हणून विकला जायचा, आता त्याला व्हिलोसात धरतात.

ह्यूकेरा अमेरिकाना पूर्वेकडच्या रानातला. याच्याकडून पानांवरच्या गडद शिरा, चंदेरी जाळी आणि कोरडी सावली सोसण्याची ताकद येते. पश्चिम किनाऱ्याच्या बाजूच्या मायक्रँथाकडून जांभळट रंग आणि कुरळ्या कडा आल्या, पण त्याला सौम्य, गार उन्हाळ्याची सवय आहे. सँग्विनिया लहान पानांचा, लाल फुलांचा. त्याच्याकडून फुलांचा रंग येतो; दमट उकाड्यात मात्र तो लवकर हात टेकतो. ह्यूकेरा रिचर्डसोनाय अमेरिकेच्या मध्य भागातल्या गवताळ प्रदेशांपासून कॅनडापर्यंतचा. कडाक्याची थंडी सोसायची असेल तर याचा वंश उपयोगी.

तुमचा उन्हाळा दमट असेल तर लवदार, मोठ्या पानांचं रोप शोधा. उन्हाळा कोरडा आणि रात्री गार असतील तर जवळजवळ कोणताही वाण चालेल. आणि वर्षभर रात्री गरमच असतील तर ह्यूकेरा बागेत कायमचा बसवण्याचा हट्ट धरू नका. थंडीच्या महिन्यांपुरता कुंडीत ठेवला तर त्याचा खरा रंग बघायला मिळतो.

तिसरी पायरी: आता रंग

खऱ्या अर्थाने लालभडक म्हणावेत असे वाण थोडेच. 'फायर अलार्म' वसंतात आणि शरदात पेटल्यासारखा लाल असतो, उन्हाळ्यात तांबूस तपकिरी होतो. पानं जाड, रोप बुटकं आणि गच्च. 'फॉरएव्हर रेड' त्याहून उजळ आहे, आणि रंग बराच काळ धरून ठेवणं हीच त्याची ओळख. 'नॉर्दर्न एक्स्पोजर रेड' रिचर्डसोनायच्या वंशातला, थंडीला काटक आणि तांबेरा या बुरशीच्या रोगाला दाद न देणारा. तुमच्याकडे हिवाळा कडक आणि पाऊस जास्त असेल तर मी यालाच पहिली पसंती देईन.

'फायर चीफ' वाइनच्या रंगाकडे झुकतो. त्याची गुलाबी-पांढरी फुलं भरपूर येतात आणि गडद पानांवर शोभतात. फुलंही हवी असतील तर हा घ्या. 'चेरी कोला' नावाप्रमाणे तपकिरी-लाल, त्यावर पोवळ्याच्या रंगाची फुलं. सावलीत तो थोडा दबलेला वाटतो, पण शेजारी पोपटी रंगाचं काही असलं की एकदम उठतो.

काही वाणांची मजा रंग बदलण्यातच आहे. 'कॅजन फायर' वसंतात लाल, उन्हाळ्यात काळपट आणि शरदात परत डाळिंबी होतो. याचा उन्हाळी रंग मळकट न होता गडद होतो, म्हणून मला तो फार आवडतो. रंग उतरल्यासारखा वाटतच नाही. 'ऑटम लीव्हज' वसंतात लाल, मग करडा-तपकिरी, मग शेवटी माणकासारखा. 'पीच फ्लँबे' केशरी-लाल असून थंडीत जांभळट होतो.

दमट उन्हाळ्यात तग धरणाऱ्या व्हिलोसा घराण्यात शुद्ध लाल फारसा मिळत नाही, हे आधीच मान्य करावं. 'सदर्न कम्फर्ट'ची मोठी पानं दालचिनी आणि तांब्याच्या छटांची. 'जॉर्जिया पीच' फिक्या केशरी-गुलाबीवर पांढुरकी झिलई घेऊन येतो. 'ब्राँझ वेव्ह' चकचकीत कांस्य-जांभळा. यांना लाल म्हणणं ओढून ताणून होईल, पण सावलीतल्या हिरवाईत तांब्याचा हा उबदार रंग लालाचं काम करतो, आणि रोप पाच वर्षांनी जागेवर दिसतं.

'पॅलेस पर्पल' घेताना सावध राहा. तो बियांपासूनही विकला जातो, आणि बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. काही हिरवट-कांस्य रंगाची असतात. समोर असलेलं रोप पाहूनच घ्या, नुसत्या नावावर नको. पानं उलटून बघा, चांगल्या रोपाच्या पानांची मागची बाजू गडद किरमिजी असते. ज्या जागी सकाळचं किंवा मावळतीचं तिरपं ऊन पानांच्या मागून येतं, तिथे ही मागची बाजू काचेसारखी पेटते.

जमीन जरा जास्त ओलसर आणि सावली जास्त दाट असेल तर 'ह्यूकेरेला' नावाच्या रोपाकडे पाहा. ह्यूकेरा आणि टियारेला यांचा हा संकर पहिल्यांदा फ्रान्समधल्या नान्सी इथे लेम्वान रोपवाटिकेत १९१२ च्या सुमारास झाला. टियारेला रानातल्या ओलसर सावलीतली, त्यामुळे हे अपत्य सावली जास्त सोसतं, पण कोरडेपणा कमी. 'स्वीट टी' मोठ्या, तांबूस, मधोमध लालसर चांदणी असलेल्या पानांचा. 'रेडस्टोन फॉल्स' पसरत आणि लोंबत वाढतो, उंच कुंडीच्या काठावर लावला तर छान दिसतो.

चौथी पायरी: रोपवाटिकेत रोप कसं पारखावं

शक्य असेल तर भर उन्हाळ्यात रोपवाटिकेत जा, निदान बघायला तरी. त्या दिवसांत जो लाल दिसतोय तो खरा टिकाऊ लाल. वसंतातच घ्यायचं असेल तर झुबक्याच्या मधली कोवळी पानं बघून भुलू नका. बाहेरच्या कडेची जुनी पानं बघा. रोप दोन महिन्यांनी कसं दिसेल याचा अंदाज तीच देतात.

मग रोप हातात घ्या. बुंध्याशी एकाऐवजी तीन-चार फुटवे असावेत. झुबका दोन बोटांत धरून हलकेच हलवा. तो डुगडुगत असेल तर मुळं नीट धरलेली नाहीत, किंवा आत मुळं खाणारी अळी आहे. पानांच्या कडा कुणी कात्रीने अर्धगोल कातरल्यासारख्या दिसल्या तर रोप परत ठेवा. पानं उलटून नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या आहेत का ते बघा. कुंडीतून मुळांचा गड्डा सरकवून पाहण्याची परवानगी मागा. मुळं पांढुरकी आणि माती मोकळी हवी, कुजका वास यायला नको.

एकाच वाणाची तीन किंवा पाच रोपं घ्या. पाच वाणांचं एकेक रोप आणायचा मोह आवरा. मी तो अनेकदा आवरू शकलो नाही, आणि त्या कोपऱ्यांत प्रत्येक रोप सुटं सुटं दिसतं. सावलीत रंग दुरून पोचायचा तर त्याचा ठिपका मोठा असावा लागतो.

पाचवी पायरी: शेजारी कोण

लाल पानांच्या जवळ हिरवा असला की दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात, आणि सावलीच्या बागेत हिरव्याला तोटा नसतो. पण पानांचा आकारही वेगळा हवा. ह्यूकेराचं पान गोल, तेव्हा शेजारी नेच्यांसारखं पिसासारखं काही किंवा गवतासारखं लांबट काही लावा. जपानी पेंटेड फर्नच्या रुपेरी पानांत जांभळट-लाल देठ असतात, ते डाळिंबी ह्यूकेराशी असे जुळतात की दोघं एकमेकांसाठीच जन्मले असावेत. हाकोनेक्लोआ या जपानी गवताचे पिवळे-हिरवे झोत लालाच्या मागे उजेड धरल्यासारखे दिसतात. ब्रुनेराच्या 'जॅक फ्रॉस्ट'ची चंदेरी पानं, एपिमेडियम, हेलेबोर हेही चालतात. होस्टा लावायचा तर अंतर ठेवून लावा. मोठा होस्टा दोन वर्षांत ह्यूकेराला पानांखाली घेतो.

सालीच्या तपकिरी तुकड्यांच्या आच्छादनावर तांबूस आणि विटकरी वाण अक्षरशः दिसेनासे होतात. कुजलेल्या पालापाचोळ्याची काळसर माती किंवा शेवाळाची हिरवळ खाली असली तर हेच रोप दुप्पट लाल वाटतं.

सहावी पायरी: लागवड

वेळ वसंताची किंवा शरदाच्या सुरुवातीची. शरदात लावलंत तर जमीन गोठण्याआधी सहा आठवडे तरी मिळायला हवेत.

आता ती कपार आठवा. माती भुसभुशीत, निचऱ्याची, किंचित आम्ल ते उदासीन, म्हणजे सामू ६ ते ७ च्या दरम्यान. चिकण माती असेल तर खड्ड्यातच वाळू-खडी भरण्याने फायदा होत नाही; खड्डा पाण्याची वाटी होऊन बसतो. त्याऐवजी सगळा वाफाच १०-१५ सेंटिमीटर उंच करा, त्यात कुजलेला पालापाचोळा आणि कंपोस्ट मिसळा.

रोप कुंडीतून काढल्यावर गड्डा पाण्यात बुडवून पूर्ण भिजू द्या. रोपवाटिकेतली रोपं बहुधा पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या मिश्रणात वाढवलेली असतात. हे मिश्रण एकदा वाळलं की पाणी धरतच नाही, बाजूची माती ओली आणि गड्डा मात्र कोरडा ठणठणीत अशी स्थिती होते. माझ्या माहितीत पहिल्या वर्षी मेलेली बरीच रोपं अशीच गेली आहेत. म्हणून बाहेरचं मिश्रण बोटांनी थोडं झटका, गुंडाळलेली मुळं मोकळी करा, म्हणजे ती नव्या मातीत शिरतील.

खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गड्ड्याइतकीच. जिथून पानं फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीवर राहिला पाहिजे. तो पुरला गेला की कुजतो, फार वर राहिला की मुळं उघडी पडतात. दोन रोपांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, व्हिलोसाच्या मोठ्या वाणांना ६० पर्यंत. आच्छादन तीन-चार सेंटिमीटर जाड घाला, पण झुबक्याच्या मधोमध ढकलू नका.

मोठ्या झाडाखाली लावताना जाड मुळं तोडू नका आणि झाडाच्या बुंध्याभोवती मातीचा ढीगही करू नका. दोन मुळांच्या मधे खुरप्याने सापडतील ते खळगे वापरा. तिथे मोठ्या रोपापेक्षा लहान रोप चांगलं रुजतं, त्याला खड्डाही लहान लागतो.

कुंडीत लावायचं तर बुडाला मोठी भोकं हवीत, आणि मिश्रणात परलाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा बारीक खडी एक चतुर्थांश.

पहिलं वर्ष

आठवड्यातून एकदा खोल पाणी, साधारण अडीच सेंटिमीटर पावसाइतकं. बोट दोन पेरं आत घालून बघा. ओल लागली तर थांबा. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या, पानांवरून नको. दुसऱ्या वर्षापासून रोप मधूनमधून कोरडं राहिलं तरी चालतं.

खत वसंतात एकदाच, सावकाश सुटणारं, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं. कंपोस्ट घातलं असेल तर तेही नको. फुलांचे दांडे पानांसाठी लावलेल्या रोपावरून कापले तरी चालतात. लाल पानांच्या काही वाणांची फुलं फिकी आणि विस्कटलेली असतात, ती मी काढूनच टाकतो.

हिवाळ्याआधी झुबका छाटू नका. जुनी पानं मधल्या कोंबांवर पांघरुणासारखी राहतात. वसंताच्या तोंडावर नवी पालवी दिसू लागली की काळी पडलेली पानं देठासकट काढा.

काय बिघडू शकतं

सगळ्यात घातक म्हणजे व्हाइन वीव्हिल या भुंग्याची अळी. काल धडधाकट असलेलं रोप आज मलूल होतं, उचललं तर मुळांवाचून हातात येतं, आणि मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, वाकड्या अळ्या सापडतात. भुंगा रात्री पानांच्या कडा कुरतडतो, ती पहिली खूण. कुंडीतल्या रोपांना हा त्रास जास्त. मातीत सोडायच्या उपयुक्त सूत्रकृमी यावर चांगलं काम करतात, मात्र माती ओलसर आणि ठरलेल्या तापमानाची हवी, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. मुळं गेलेलं रोप टाकू नका. झुबका धुऊन, कुजका भाग कापून ओल्या परलाइटमध्ये सावलीत खोचा. बऱ्याचदा तो पुन्हा मुळं धरतो.

तांबेरा आला तर पानावर फिके खोलगट ठिपके आणि मागे तपकिरी पुटकुळ्या दिसतात. ती पानं लगेच काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. रोपांत हवा खेळू द्या. एखादा वाण दरवर्षी तांबेऱ्याने बेजार होत असेल तर त्याच्यामागे फवारणी घेऊन लागण्यापेक्षा वाण बदला.

कडक हिवाळ्यात जमीन गोठते, सुटते, पुन्हा गोठते, आणि त्या उचलाउचलीत रोप मातीबाहेर येतं. वसंतात फेरी मारून असं वर आलेलं रोप हाताने दाबून बसवा, बाजूला माती लावा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी

एवढ्या काळात झुबक्याचं खोड लाकडी होऊन वर उचललं जातं. पानं उंच देठावर झुलू लागतात, मध्यभाग रिकामा दिसतो, आणि लालीही पूर्वीसारखी राहत नाही, कारण नवी पानं कमी फुटतात. ही विभाजनाची वेळ. वसंताच्या सुरुवातीला अख्खं रोप खणून काढा, माती झटका आणि फुटवे हाताने वेगळे करा. प्रत्येक तुकड्याला थोडी मुळं आणि पानांचा गुच्छ असावा. मधलं जुनं लाकडी खोड टाकून द्या.

लावताना या तुकड्यांचं उघडं खोड पानांच्या गुच्छाखालपर्यंत मातीत जाऊ द्या. नव्या रोपाच्या वेळी बुंधा पुरू नका म्हटलं होतं, ते पानं फुटण्याच्या जागेबद्दल. खालचं उघडं खोड मातीत गेलं की त्याला नवी मुळं सुटतात. मुळांशिवाय निघालेला फुटवाही वाया जात नाही. खालची पानं काढून तो ओल्या परलाइट-कोकोपीटमध्ये सावलीत ठेवा, महिना-दीड महिन्यात मुळं धरतो. नोंदणीकृत वाणांची रोपं अशी करून विकायची असतील तर परवाना लागतो.

एका जुन्या झुबक्याचे चार-पाच तुकडे सहज निघतात. त्यातले तीन त्याच जागी परत लावा, आणि उरलेले थोड्या वेगळ्या उजेडात लावून बघा. माझ्याकडच्या 'कॅजन फायर'चा असाच एक तुकडा मी सकाळच्या उन्हाकडे चार फूट सरकवून लावला, आणि पुढच्या शरदात जुन्या जागेवरच्या तुकड्यांशेजारी तो वेगळाच वाण वाटावा इतका लाल झाला. त्यानंतरच्या वसंतात उरलेले तुकडेही मी तिकडेच नेले.